सूत्रातले चार एसी

वर्गसमीकरणाच्या धड्यात तीन बहिणी राहतात. थोरली अवयव पद्धती, मधली पूर्ण वर्ग पद्धती आणि धाकटी सूत्र पद्धती. कुठल्याही घरात मधल्या लेकराचं जे होतं तेच इथंही झालेलं आहे. थोरलीला मान, धाकटीचे लाड आणि मधलीच्या वाट्याला थोरलीला आखूड झालेले फ्रॉक. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकानं तिला निदान माजघरात तरी जागा दिली. केंद्राच्या पुस्तकानं तेवढंही ठेवलं नाही. एन. सी. ई. आर. टी.नं २०२२ साली, महामारीनंतर पोरांच्या डोक्यावरचा भार हलका करायचा म्हणून, दहावीच्या गणितातून पूर्ण वर्गाचा भाग काढून टाकला आणि सूत्र तेवढं ठेवलं. भार हलका करायची ही तऱ्हा मला फार आवडली. घर हलकं करायचं म्हणून खालचा मजला काढला आणि वरचा ठेवला.

या भांडणात मी मधलीच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः तीन भावांतला मधला आहे, पण त्याचा या मताशी काहीही संबंध नाही.

हे सगळं उपटलं ते माझ्या भाचीमुळं. ती दहावीत आहे, केंद्राच्या बोर्डाची आहे आणि अर्थातच क्लासला जाते. हल्ली शाळा हजेरीसाठी असते आणि शिक्षण क्लासात असतं. त्या क्लासात वर्गसमीकरण हा विषय एका दुपारी संपला. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, त्याभोवती लाल खडूनं चौकट काढली आणि सगळ्या पोरांकडून ते आरतीसारखं म्हणून घेतलं : ‘मायनस बी, प्लस-मायनस, रूटमध्ये बी स्क्वेअर मायनस फोर एसी, अपॉन टू ए.’ माझी भाची ही बाराखडी म्हणत म्हणतच घरात शिरली, चपला काढता काढता थांबली आणि म्हणाली, “मामा, हे चार एसी कुठून आले?”

आमच्या हिला वाटलं, क्लासात नवे एसी बसवले. ती म्हणाली, “फी उगीच नाही वाढवली!”

“मामी, ते एसी नाही गं. सूत्रातले.”

“क्लासात विचारलंस का?” मी म्हटलं.

“विचारलं. सर म्हणाले, तो प्रश्न सिलॅबसमध्ये नाही.”

आता माझं म्हणणं असं आहे, की दहावीतल्या पोरीला एखाद्या समीकरणातले चार कुठून आले असं वाटावं, ही घटना महाराष्ट्रात रोज घडत नाही. घडली तर पेढे वाटावेत. इथं तिला सांगण्यात आलं, की बाई, तू चुकीच्या ठिकाणी विचार केलास. विचाराला वेगळा पिरियड आहे, तो मूल्यशिक्षणाच्या तासाला.

पुढच्या हप्त्याची फी भरायला मीच गेलो होतो, तेव्हा सरांशी बोललो. माणूस वाईट नाही. भला आहे, मेहनती आहे, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत फळ्यापुढं उभा असतो. मी विचारलं,

“सर, ते सूत्रातले चार कुठून येतात?”

“सूत्रातून.”

“आणि सूत्रात?”

“अहो, सूत्रच तसं आहे!” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “हे बघा, पेपर तीन तासांचा. पूर्ण वर्ग करत बसलं की पोरांची पाच-सात मिनिटं जातात. सूत्रात घातलं की दीड मिनिट. नळ सोडला की पाणी येतं, मग प्रत्येकानं विहीर खणायची का?”

युक्तिवाद बिनतोड वाटतो. मी जिना उतरेपर्यंत मलाही वाटला. रोज विहीर खणून पाणी प्या असं माझंही म्हणणं नाही. परीक्षेत सूत्रच वापरावं, मीही वापरीन. पण ज्याला पाणी नळातच तयार होतं असं वाटतं, त्याची नळ गेल्यावर काय दशा होते ती उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत येऊन बघावी. शिवाय दीड मिनिटाचा हिशेबही आता जुना झाला. मोबाईलला समीकरणाचा फोटो दाखवला, की तो दीड सेकंदात दोन्ही उत्तरं देतो, वर पायऱ्याही दाखवतो. पाठांतरात आणि वेगात त्या यंत्राशी शर्यत लावायला आपण पोरांना वर्षाला हजारो रुपये भरून पाठवतो आहोत. यंत्राला ‘चार कुठून आले’ असं स्वतःहून कधी वाटत नाही. ते भाचीला वाटलं, आणि नेमकं तेच सिलॅबसमध्ये नाही!

थोरल्या बहिणीबद्दलही दोन शब्द बोलून घेतो, कारण तिचा फार बोलबाला आहे. अवयव पद्धती म्हणजे पत्रिका जुळवणं. ‘अशा दोन संख्या शोधा, की ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७.’ पोरं डोळे मिटतात, बोटं मोडतात आणि ओरडतात, “तीन-चार!” छत्तीस गुण जुळतात. पण ही स्थळं पुस्तक लिहिणाऱ्यानंच आधी ठरवून ठेवलेली असतात. त्या बाराचे अकरा करून बघा. गुणाकार ११, बेरीज ७. मग बसा गुरुजींना बोलवत. थोरलीचं सगळं शहाणपण माहेरच्या अंगणापुरतं असतं. पुस्तकाबाहेरची समीकरणं असं जमवून आणलेलं लग्न करून येत नाहीत.

राहिली धाकटी. इथं मला एक कौटुंबिक गुपित फोडावं लागणार आहे. सूत्र पद्धती ही मधलीची बहीण नव्हेच, ती मधलीची पोटची लेक आहे. आकड्यांच्या जागी अ, ब, क ही अक्षरं घालून एकदाच, कायमचा, पूर्ण वर्ग केला की जे उरतं त्यालाच सूत्र म्हणतात. दुसरं काही नाही. म्हणजे २०२२ साली पुस्तकातून आईला काढलं आणि लेकीला पाळण्यासकट ठेवून घेतलं. आणि आता लेकीला कुणी विचारलं, ‘बाळ, तू कुणाची?’ तर तिनं सांगायचं, ‘मी सूत्रातून आले.’

तर ही आई करते तरी काय? मी ते भाचीला गोधडीवर सांगितलं, कारण घरात दुसरं काही चौकोनी हाताशी नव्हतं.

समज, एक चौरस गोधडी आहे. बाजू किती ते ठाऊक नाही, म्हणून क्ष विती. ती जरा तोकडी पडते, तेव्हा आजीनं तिच्या लगतच्या दोन बाजूंना एकेक वीत रुंदीच्या पट्ट्या जोडल्या. एकूण कापड भरलं २४ चौरस विती. म्हणजे क्षवर्ग + २क्ष = २४. मूळ गोधडी केवढी होती? आता ही जोडलेली गोधडी डोळ्यांपुढं आण. दोन बाजू वाढल्या, पण जिथं पट्ट्या भेटायला हव्यात तिथं कोपऱ्यात एक खाच राहिली. एक वीत बाय एक वीत. हे आजीला दिसल्यावर ती काय करील? ती हातातलं तांदूळ निवडणं बाजूला ठेवील आणि आधी त्या कोपऱ्यात ठिगळ लावील. खाचेची गोधडी कुठलीही आजी पांघरू देत नाही. हे ठिगळ म्हणजेच पूर्ण वर्ग! कापड झालं २४ आणि १, पंचवीस. गोधडी पुन्हा चौरस झाली, बाजू पाच. त्यातली एक वीत पट्टीची. राहिले चार.

“म्हणजे ‘सहगुणकाचं अर्ध करा’ म्हणतात ते यासाठी? पट्टी दोन बाजूंना वाटायची म्हणून?”

“हो.”

“आणि ‘वर्ग करून दोन्हीकडे मिळवा’?”

“कोपरा चौकोनी म्हणून वर्ग. आणि ठिगळ फुकट येत नाही म्हणून दोन्हीकडे. इकडे लावलं की तिकडं कापडाच्या हिशेबात मांडायचं.”

हे माझं संशोधन नव्हे. बगदादमध्ये ८२० च्या सुमारास अल्-ख्वारिझ्मी नावाच्या विद्वानानं जे पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावातल्या ‘अल्-जब्र’चं पुढं ‘अल्जिब्रा’ झालं, त्यात हीच आकृती आहे. त्याचं समीकरण क्षवर्ग + १०क्ष = ३९. पाच-पाचच्या दोन पट्ट्या, कोपऱ्यात पंचवीसचं ठिगळ, एकूण ६४, बाजू ८, उत्तर ३. त्याच्या गोधडीपेक्षा पट्ट्या रुंद निघाल्या, पण खलिफाच्या राज्यात कापडाची टंचाई नसावी.

त्याच्याही आधीचा पुरावा मातीचा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये बाबिलोनची एक मातीची पाटी आहे, वय अदमासे ३८०० वर्षं. तिच्यावरचं पहिलंच गणित असं, की चौरसाचं क्षेत्रफळ आणि त्याची बाजू मिळून पाऊण होतात, तर बाजू किती? उत्तर काढायची रीत त्या पाटीवर पायरीपायरीनं लिहिली आहे, आणि ती मराठी माणसाला तर तोंडपाठच असायला हवी. एकाचं अर्ध अर्धा. अर्ध्याचा अर्धा पाव. पाव नि पाऊण एक. एकाचं मूळ एक. त्यातून अर्धा गेला, राहिला अर्धा. झालं! ज्यांनी लहानपणी पावकी-निमकी आणि पाउणकी घोकली त्यांना कागदसुद्धा लागू नये. आपण पावक्या घालवल्या तेव्हा एक पूल पाडला, आणि आता पलीकडचा गावही नकाशावरून काढतो आहोत.

पण भाचीचे चार अजून राहिले. (तिनं आठवण करून दिली. गोष्ट सांगता सांगता मूळ प्रश्न विसरावा अशी माझी इच्छा असेल, पण तिची नव्हती.) त्या चारांचं श्रेय आपल्याकडं श्रीधराचार्यांना जातं. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त त्यांची रीत त्यांच्या नावानिशी उद्धृत करून ठेवली, म्हणून ती वाचली. हल्ली दुसऱ्याची नोट स्वतःच्या नावानं छापणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

श्रीधराचार्यांची अडचण घरगुती होती. मधल्या पदाचं अर्ध करायचं, पण ते ३ किंवा ७ असेल तर दीड आणि साडेतीन येतात. त्यांचे वर्ग करा, म्हणजे सव्वादोन आणि सव्वाबारा. या सगळ्या कटकटीचं मूळ काय? अर्ध्याचा वर्ग पाव. मग पावाचा त्रास नको असेल तर आधीच सगळं चौपट करून टाका! ही ती युक्ती. आणि क्षवर्गाच्या मागं जो सहगुणक असेल त्यानंही गुणा, म्हणजे पहिलं पद आपोआप पूर्ण वर्ग होतं. म्हणजे गुणायचं कशानं? चार ए नं. मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा आणि मूळ काढा.

समजा २क्षवर्ग + ३क्ष = १४. चार गुणिले दोन, आठ. सगळ्याला आठनं गुणा : १६क्षवर्ग + २४क्ष = ११२. तीनाचा वर्ग नऊ मिळवा. उजवीकडे १२१, आणि डावीकडे बघा, ४क्ष + ३ चा वर्ग तयार होऊन बसलेला. एकशे एकवीसचं मूळ अकरा, म्हणून ४क्ष = ८, क्ष दोन. एकही अपूर्णांक वाटेत भेटला नाही. आता तो ११२ कुठून आला? १४ला ८नं गुणून. आठ म्हणजे चार ए. चौदा म्हणजे सी. सूत्राच्या मांडणीत सी डावीकडे बसतो, तो उजवीकडं येताना चिन्ह बदलून येतो, म्हणून मागं ‘मायनस’. आणि जो नऊ मिळवला तो बी स्क्वेअर.

भाची दोन मिनिटं वहीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “एवढंच?”

हे ‘एवढंच?’ ऐकायला मास्तरांनी जन्म घालवावा. चौकटीतलं सूत्र ऐकून कुणी ‘एवढंच?’ म्हणत नाही. तिथं फक्त ‘किती वेळा लिहायचं?’ असं विचारतात.

आपल्या जुन्या लोकांनी या रीतीला नावही असं दिलं होतं, की त्यातच सगळा डाव उघड व्हावा : मध्यमाहरण. मधल्या पदाला नाहीसं करणं. सीताहरण, द्रव्यहरण, तसं मध्यमाहरण. भानगडीचं मूळ मधल्या पदात आहे, ते वर्गाच्या पोटात घातलं की पुढं नुसतं मूळ काढायचं काम. ‘क्वाड्रॅटिक फॉर्म्युला’ या नावातून यातलं काय कळतं? फॉर्म्युला तर दुधाच्या पावडरीलाही म्हणतात.

आणि गणितं कशी! ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, अर्जुन कर्णावर चिडून बाण काढतो. निम्म्या बाणांनी कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले, सहांनी शल्याला गाठलं, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य तोडलं, एकानं शिर उडवलं. किती बाण होते? वर्गमूळ क्ष धरा. क्षवर्ग - ८क्ष = २० असं होतं. सोळा मिळवा, छत्तीस. क्ष - ४ = ६. क्ष दहा, बाण शंभर. एवढ्यात कर्ण पडलाही. सूत्रवाला विद्यार्थी मात्र ‘क्ष = १० किंवा -२’ अशी दोन्ही उत्तरं लिहून खाली दोन रेघा मारतो. मायनस दोन धरलं तर बाण होतात चार, आणि त्या चारांतले दहा त्यानं शल्यापासून शिरापर्यंत वापरलेले असतात. पण सूत्रानं दिलंय ना? मग असेल!

भास्कराचार्यांना हा प्रश्न पडला होता. ‘बीजगणिता’तल्या माकडांच्या एका गणितात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. दोन्ही समीकरणात चपखल बसतात. पण पाच माकडांचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे काढणार? म्हणून आचार्यांनी पाच नाकारले. कारण दिलं ते असं, की लोकांचा ऋण गोष्टींवर विश्वास बसत नाही. दोन उत्तरं काढून थांबायचं नाही, त्यातलं माकडांना कुठलं झेपतं ते बघायचं. याला क्लासात किती मार्क?

दूर ब्राझीलमध्ये शाळकरी पोरं या सूत्राला ‘भास्कराचं सूत्र’ म्हणतात. आणि आपल्याकडं, चाळीसगावजवळच्या पाटण इथं १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याला देणग्या मिळाल्या, त्याची ही नोंद. त्या काळचा क्लासच म्हणा. एसी नव्हते, पण चार कुठून आले असं विचारलं तर उत्तर मिळत असावं, कारण ज्या ग्रंथासाठी मठ काढला त्यातच ते लिहिलेलं होतं.

सरांना मी हे सगळं ऐकवणार आहे. पुढच्या हप्त्याला. त्यांनी चौकटीतलं सूत्र पुसावं असं मी म्हणणार नाही. त्याच्या आधी फळ्यावर एक गोधडी काढावी, एवढंच. दहा मिनिटं लागतील. दिवसाच्या पंधरा तासांतून दहा मिनिटं निघत नसतील तर मी फीमध्ये सूट मागणार आहे, आणि ही मात्र त्या मुद्द्यावर पूर्णपणे माझ्या बाजूनं आहे.

दरम्यान भाचीनं नवंच काढलं. काल सकाळी ती चहाच्या वेळी येऊन म्हणाली, “मामा, अर्जुनाच्या गणितात मायनस आठ आहेत. पट्टी मायनस असेल तर गोधडीला शिवायची कशी?”

“शिवायची नाही. कापायची.”

“मग कोपऱ्यात खाच कुठं राहते? ठिगळ कशाला मिळवायचं?”

मी चहा पीत बसलो. खरं म्हणजे उत्तर मला येत होतं, पण तिनं माझ्यापुढचा कागद ओढला, चौरस घडी घालून फाडला आणि कात्री आणली. एका बाजूनं तीन बोटं रुंद पट्टी कापली. मग लगतच्या बाजूनं कापायला गेली आणि थांबली.

“ही आखूड निघतेय!”

“का?”

“कोपरा पहिल्या पट्टीतच गेला ना! पण हिशेबात आपण दोन्ही पट्ट्या अख्ख्या वजा केल्या...” कात्री तशीच हवेत. “म्हणजे कोपरा दोनदा वजा झाला. एकदा परत द्यायला पाहिजे!”

ती तशीच उठून वही आणायला पळाली. टेबलावर तिनं कापलेला आजचा पेपर पडला होता. अग्रलेख मी अजून वाचलेला नव्हता. त्याचा अर्धा भाग लांब पट्टीत होता आणि अर्धा आखूड पट्टीत.